रोजची ‘गॅसची गोळी’ आणि आतड्यातले जिवाणू : कोणी चालू ठेवायची, कोणी आणि कशी सोडायची

सकाळी उठलं की चहाच्या आधी पॅन्टोप्राझोल, अशी सवय ज्यांना महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं लागली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. नेमक्या कारणाने दिलेली गोळी असेल तर ती चालू ठेवून काय जपायचं, आणि कारण केव्हाच संपलं असेल तर ती कशी सोडायची, हे दोन्ही यात आहे. मी मेडिकलच्या काउंटरवर बसणारा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा यातलं काहीही करायचं ते तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा. वय साठीपुढे असेल किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

आमच्याकडे, खानदेशात, दोन तक्रारी घेऊन लोक येतात. एक अहिराणीत म्हणतो, “छातीमा जयजय व्हस,” म्हणजे छातीत जळजळ होते. दुसरा म्हणतो, “जेवनं का पोट फुगस,” म्हणजे जेवलं की पोट फुगतं. दोघंही मागतात तीच गोळी. पहिल्याला ती बहुधा लागू पडते. दुसऱ्याला पडेलच असं नाही, उलट त्याच गोळीने फुगणं वाढूही शकतं. ही औषधं कायद्याने चिठ्ठीवरचीच. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

आधी पाकीट उलटं करून नाव वाचा

पुढच्या बाजूचं मोठं नाव सोडा, मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते बघा. तीन जाती आहेत.

जेल्युसिल, डायजीन, इनो ही पोटात तयार झालेलं आम्ल तेवढ्यापुरतं मारणारी औषधं. काही मिनिटांत काम, दोन-तीन तासांत संपलं. आतड्यातल्या जिवाणूंच्या दृष्टीने यांची फारशी चिंता नाही. इनोमध्ये सोडियम भरपूर असतं, म्हणून ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ते रोज घेऊ नये.

दुसरी जात फॅमोटिडीनची. रॅनिटिडीन याच घरातलं. २०१९-२० मध्ये त्यात नको असलेला घटक सापडल्यावर अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, आणि भारतानेही २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं. हे आम्ल कमी करतं, पण मध्यम.

तिसरी जात, जिच्याबद्दल हा सगळा लेख आहे, ती ‘प्राझोल’ची : ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ईसोमेप्राझोल. डॉक्टर यांना पीपीआय म्हणतात. जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात, त्यांनाच ही औषधं कायमची कुलपं लावतात. नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमीच राहतं. अलीकडे आलेलं व्होनोप्राझान वेगळ्या वाटेने जातं, पण आम्ल तितकंच, किंबहुना जास्तच दाबतं.

नावामागचं अक्षरही बघा. ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ म्हणजे सोबत डॉम्पेरिडोन. ते पोटातलं अन्न पुढे ढकलणारं, मळमळीचं औषध. हृदयाचे ठोके बिघडवण्याचा धोका लक्षात घेऊन युरोपने २०१४ मध्ये ते साधारण आठवडाभरच वापरावं असं सांगितलं. आपल्याकडे लोक ते वर्षभर घेतात. ‘एल’ म्हणजे लेव्होसल्पिराइड. याने म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं असे प्रकार होतात आणि घरचे समजतात की वय झालं. आजी-आजोबांच्या गोळीमागे हे अक्षर असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, डॉक्टरांना आधी विचारा.

आम्ल कमी झाल्यावर आत काय होतं

उपाशीपोटी जठरातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ ते २ च्या आसपास असतो. एवढ्या तीव्र आम्लात पाण्यातून, जेवणातून, आपल्याच लाळेतून गिळले जाणारे बहुसंख्य जंतू मरतात. पीपीआय सुरू झाल्यावर हा पीएच दिवसाचा मोठा भाग ४ च्या वर जातो. ही गोळी अँटिबायोटिकसारखी आतड्यात जाऊन जिवाणू मारत सुटत नाही. ती फक्त वेशीवरचा पहारा ढिला करते, आणि एरवी वाटेत मेले असते ते जंतू जिवंत खाली उतरतात.

२०१६ मध्ये याचा चांगला पुरावा मिळाला. नेदरलँड्समध्ये १,८१५ लोकांची शौचाची तपासणी झाली. त्यातल्या २११ जणांना ही गोळी चालू होती. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या सुमारे २० टक्के प्रकारांचं प्रमाण बदललेलं दिसलं. तोंडात राहणारे जिवाणू आतड्यात वाढलेले होते. स्ट्रेप्टोकोकस, एन्टेरोकोकस, ई. कोलाय यांचं प्रमाण जास्त होतं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातही हेच चित्र आलं.

आता “पोट फुगस” म्हणणाऱ्याकडे वळू. गॅस जठरातल्या आम्लातून येत नाही. तो बराचसा खाली, मोठ्या आतड्यात तयार होतो, डाळी-कडधान्यातला न पचलेला भाग तिथले जिवाणू आंबवतात तेव्हा. आम्ल दाबून तो कमी व्हायचं कारण नाही. उलट जठराचा पहारा सुटल्यावर लहान आतड्यात, जिथे एरवी जिवाणू विरळ असतात तिथे, ते वाढू शकतात आणि जेवण खाली जाण्याआधीच आंबायला लागतं. मग फुगणं, ढेकर, कधी पातळ शौच. माणूस म्हणतो गॅस वाढला, आणि गोळी एकाची दोन होते.

दुसरा परिणाम जुलाबांचा. कॉलराच्या जंतूंवर स्वयंसेवकांना घेऊन जे प्रयोग झाले, त्यांत आधी सोडा देऊन आम्ल मारलं तर आजार व्हायला कितीतरी कमी जंतू पुरले. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांचंही तसंच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू अँटिबायोटिकनंतर चिवट जुलाब लावतो. पीपीआय घेणाऱ्यांत त्याचा धोका वाढलेला दिसतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये दिला.

एवढं वाचून गोळी कचऱ्यात टाकू नका. व्हॉट्सअॅपवर ‘ही गोळी किडनी खाते, स्मृती घालवते’ असे जे मेसेज फिरतात, त्यांच्यासमोर एक मोठी चाचणी ठेवायला हवी. हृदयविकाराच्या १७,५९८ रुग्णांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी सुमारे तीन वर्षं दिली गेली. २०१९ मध्ये निकाल आले. न्यूमोनिया, हाड मोडणं, किडनीचा जुना आजार, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक निघाला नाही. फरक दिसला तो पोटाच्या संसर्गात : गोळीवाल्यांत १.४ टक्के, इतरांत १.० टक्के. म्हणजे धोका खरा आहे, आणि लहान आहे. कारण असलेल्याने तो पत्करावा. विनाकारण घेणाऱ्याने कशासाठी पत्करायचा?

गोळी सोडायचीच नाही, ते लोक

अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेला. स्टेंट बसवल्यावर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं दोन्ही चालू असलेला (त्यांनी ओमेप्राझोल-ईसोमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल चालेल का हेही विचारावं, कारण पहिली दोन क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतात). संधिवातासाठी रोज दुखण्याची गोळी लागणारी वयस्क माणसं. एन्डोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) अन्ननलिकेला गंभीर सूज किंवा ‘बॅरेट’ (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असं लिहून आलेले. या सगळ्यांना गोळीने जिवाणूंचं जे बिघडेल त्यापेक्षा ती बंद केल्याने जास्त बिघडू शकतं.

आणि ज्यांनी गोळीचा विचार बाजूला ठेवून सरळ दवाखान्यात जायचं ते : गिळताना अडकतं, शौच डांबरासारखं काळं होतं, उलटीत रक्त येतं, कारण नसताना वजन उतरतं, रक्त कमी झालंय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झालाय. छातीत दाब येऊन घाम सुटतो, दुखणं हातात किंवा जबड्यात जातं, चालल्यावर वाढतं, तर तो गॅस समजून इनो पिऊन पडून राहू नका. आधी ईसीजी. हे वाक्य मी काउंटरवर जितक्या वेळा बोलतो तितक्या वेळा लोक हसतात, तरी पुन्हा बोलतो.

गोळी का सुरू झाली होती, ते शोधा

जुनी चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड काढा. आपल्या भागात मला तीन गोष्टी वारंवार दिसतात.

पहिली म्हणजे अॅडमिट असताना सुरू झालेली गोळी. डेंग्यू, ऑपरेशन, काहीही असो, सलाइनबरोबर पॅन्टोप्राझोल असतंच. घरी जाताना ‘पाच दिवस’ म्हणून लिहिलेलं असतं, पण आराम वाटला म्हणून पाकिटामागून पाकीट येत राहतं.

दुसरी साखळी अंगदुखीची. कापूस वेचणी सुरू झाली की कंबर धरते, केळीचे घड वाहणाऱ्यांचे खांदे दुखतात. डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक सुरू होतं. त्याने जठराचं अस्तर सोलतं, जळजळ होते, मग पॅन्टोप्राझोल. हंगाम संपतो, अंगदुखीची गोळी कधी थांबते कधी थांबत नाही, पोटाची मात्र पक्की होते. इथे पोटाची गोळी सोडवण्याआधी दुखण्याची सोडवावी लागते. साध्या अंगदुखीला पॅरासिटामोल, शेक, दोन दिवस विश्रांती. मजुरीवर असलेल्याला विश्रांती सांगणं सोपं आहे, ती मिळणं नाही, हे मान्य. तरीही डायक्लोफेनॅक रोज नको, आणि वरून तंबाखू तर नकोच.

तिसरी शक्यता हेलिकोबॅक्टर पायलोरीची. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. हा आम्लातही तग धरतो आणि अल्सरचं मोठं कारण आहे. वारंवार त्रास होत असेल तर शौचातून होणारी अँटिजेन चाचणी किंवा श्वासाची चाचणी डॉक्टरांना विचारा. चाचणीआधी पीपीआय दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. लॅबवाले हे प्रत्येक वेळी विचारतात असं नाही. तुम्हीच सांगा.

छातीत जळजळ किंवा अल्सर यांसाठी नेहमीचा कोर्स ४ ते ८ आठवड्यांचा असतो. तो उलटून गेलाय आणि वर सांगितलेल्या ‘सोडायची नाही’ लोकांत तुम्ही नाही, तर सोडण्याचा विचार रास्त आहे.

चालू ठेवायचीच असेल तर

वेळ पाळा. ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच कुलूप लावते, आणि पंप चालू होतात जेवणाने. औषध रक्तात एक-दोन तासच टिकतं. म्हणून ती खाण्याआधी अर्धा ते एक तास. शेतावर जाणाऱ्यांचं इथे गणित चुकतं : सहाला गोळी आणि चहा, भाकर बांधावर अकराला. तोवर औषध निघून गेलेलं असतं. मग ‘गोळी लागत नाही’ म्हणून २० मिलिग्रॅमची ४० होते, एकाची दोन. एक तर सकाळी गोळीनंतर अर्ध्या तासाने अर्धी भाकर खाऊन निघा, नाहीतर गोळी बरोबर न्या आणि न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्या.

पाणी सांभाळा. चार-आठ दिवसांनी नळ येणारी गावं खानदेशात कमी नाहीत. साठवलेल्या टाकीतलं पाणी आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन म्हणजे जंतूंची चंगळ. घरात कोणाला पीपीआय चालू असेल तर पिण्याचं पाणी उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. उन्हाळ्यात गाडीवरचा बर्फ, उघड्यावर कापून ठेवलेली फळं, पाणीपुरीचं पाणी त्यांनी टाळावं. बाकीच्यांना चालून गेलेलं यांना चालेलच असं नाही. जुलाब लागले तर ओआरएस लगेच. अँटिबायोटिक घेतल्यानंतर दिवसाला तीनपेक्षा जास्त पाण्यासारखी शौचं होत असतील तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं सांगा. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागायची खोड पीपीआय घेणाऱ्याने तर पूर्ण सोडावी, कारण पहारा आधीच ढिला आहे, त्यात आतड्यातली चांगली वस्तीही मारली जाते.

बी१२ तपासा. अन्नातलं बी१२ प्रथिनातून सुटायला आम्ल लागतं. अमेरिकेत २०१३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांहून जास्त पीपीआय घेणाऱ्यांत बी१२ ची कमतरता जास्त दिसली. माळकरी घरातला शाकाहारी माणूस, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन (तेही बी१२ कमी करतं) आणि वर ही गोळी, अशी तिहेरी गाठ आपल्याकडे सर्रास आहे. तळपायांना मुंग्या येत असतील तर वर्षातून एकदा तपासणी करून घ्याच. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेल्यांमध्ये या गोळ्यांबरोबर त्या पाण्याला संसर्ग होण्याचा धोका वाढलेला दिसतो; त्यांनी ही गोळी खरंच हवी का, हे विशेष विचारावं.

सोडायची असेल तर

गोळी बंद केल्यावर जळजळ पूर्वीपेक्षा जास्त होऊ शकते, आणि इथेच बरेच जण हार मानतात. आम्ल दाबलेलं असताना शरीर ते वाढवायचा हुकूम देणारं गॅस्ट्रिन जास्त सोडत राहतं. कुलूप निघालं की आम्लाचा लोंढा येतो. डेन्मार्कमध्ये २००९ साली १२० धडधाकट लोकांवर हे पाहिलं गेलं. त्यांना पोटाचा त्रासच नव्हता. काहींना आठ आठवडे ईसोमेप्राझोल देऊन बंद केलं. पुढच्या चार आठवड्यांत त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. गोळी न घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. म्हणजे बंद केल्यावर पेटलं यावरून आजार आहेच असं ठरत नाही. काही आठवडे दम धरायचा असतो.

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की एकदम थांबवा किंवा हळूहळू, दोन्ही चालतं. मला हळूहळूच बरं वाटतं. दिवसाला दोन घेत असाल तर संध्याकाळची आधी बंद, दोन आठवडे. मग ४० ची २० करा, आणखी दोन आठवडे. मग दिवसाआड, आणि मग बंद. पॅन्टोप्राझोलची गोळी मोडून अर्धी करू नका, कॅप्सूलमधले दाणेही चुरू नका. त्यांचं आवरण फुटलं की जठरातच औषध वाया जातं. २० चं वेगळं पाकीट मिळतं. ‘डीएसआर’वर असाल तर पहिल्याच पायरीला साध्या पॅन्टोप्राझोलवर येता येईल का, ते विचारा.

मधल्या काळात पेटलं तर जेवणानंतर दोन चमचे जेल (जेल्युसिल-डायजीनसारखं पातळ औषध). रात्री फारच होत असेल तर डॉक्टरांना विचारून फॅमोटिडीन, तेही काही दिवसच. मुहूर्त मात्र बघून धरा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आंब्याच्या रसात, लग्नसराईच्या पंगतीत किंवा श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या आठवड्यात सुरुवात केली तर फसणार. हिवाळ्यात भरीत पार्ट्या असतात, म्हणजे खरं तर खानदेशात मोकळा महिना कोणताच नाही. त्यातल्या त्यात पावसाळ्याची सुरुवात बरी.

ताटात काय बदलायचं

शेवभाजी सोडा असं मी सांगणार नाही, कोणी ऐकणारही नाही. पण तर्रीवाली शेवभाजी रात्री दहाला खाऊन अकराला आडवं होणं सोडा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. तिखट दुपारी. बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचला. दोन उशा घेऊन नुसती मान वाकवण्याने काही होत नाही. डाव्या कुशीवर झोपा. पोट सुटलेलं असेल तर चार-पाच किलो वजन उतरल्याचा फायदा कुठल्याही चूर्णापेक्षा मोठा. गुटखा आणि बिडी यांबद्दल वेगळं काय लिहू!

आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना चोथा लागतो, आणि आपलं जुनं जेवण त्या बाबतीत श्रीमंत आहे. दादरची (आपल्याकडच्या ज्वारीची) किंवा कळण्याची (धान्य-उडदाच्या मिश्र पिठाची) भाकर, मठ (मटकी), चवळी, वालाच्या शेंगा, भरताचं वांगं. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, मैद्याच्या पावात त्याच्या पासंगालाही नाही. केळीच्या मुलखात राहून कच्च्या केळीची भाजी आठवड्यातून एकदाही न करणारी घरं मी पाहतो. कच्च्या केळीतला स्टार्च वर पचत नाही, थेट खालच्या जिवाणूंना मिळतो. मात्र पोट फुगणाऱ्यांनी हे सगळं एकदम वाढवू नये. आधी मोड आणून नीट शिजवलेले मूग, मग मठ, आठ-दहा दिवसांच्या अंतराने.

ताजं घरचं दही-ताक दुपारच्या जेवणात असू द्या. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल पीपीआयबरोबर रोज घेण्यात मला अर्थ दिसत नाही. अमेरिकेतल्या त्याच संघटनेने २०२० मध्ये पोटाच्या बहुतेक आजारांसाठी त्यांची शिफारस केलेली नाही. माझ्या गल्ल्याच्या हिताविरुद्ध आहे, पण ते पैसे पॅरासिटामोल आणि भाजीवर घाला. जळजळीवर थंड दुधाचा पेला हा घरोघरचा उपाय घटकाभर बरं वाटवतो. मग दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं पुन्हा आम्ल सोडायला लावतात. झोपताना तर तो नकोच.

गोळी पूर्ण बंद होऊन दोन महिने झाले, लोंढ्याचा काळ गेला, जेवणाच्या वेळा पाळल्या, तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस जळजळ येतेच, तर पुन्हा स्वतःहून पाकीट आणू नका. त्या वेळी एन्डोस्कोपीबद्दल विचारा. गोळी बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी केलेल्या एन्डोस्कोपीत अन्ननलिकेची खरी अवस्था जास्त स्पष्ट दिसते, कारण गोळी चालू असताना सूज भरून आलेली असते आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चौकशी तिथेही करता येईल. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, अंगदुखीचं पाकीट धरून.